तेवीस गावांची यादी आणि नऊ रात्री

पत्र थोडक्यात: पत्र नाशिकच्या एका वाचक भगिनीचं आहे. वय 52, बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. काही वर्षांपूर्वी त्या युरोपच्या ग्रुप टूरला गेल्या होत्या आणि त्यातलं बसच्या खिडकीपलीकडे फारसं काही आठवत नाही, असं लिहितात. आता सप्टेंबरअखेर इटलीत नऊ रात्री आहेत. सोबत पती, 24 वर्षांची मुलगी आणि 75 वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या अंडंही खात नाहीत. या वेळी शहरं टाळून ग्रामीण इटली पाहायची, तीही "कुणाला माहीत नसलेली", म्हणून रील्स आणि मैत्रिणींच्या सांगण्यावरून त्यांनी तेवीस जागांची यादी केली आहे. पती म्हणतात, "एवढा खर्च करून रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस नाही बघायचं? लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं?" त्यांचे प्रश्न तीन. यादीतलं काय ठेवू? ह्यांचं ऐकू की माझ्या मनासारखं करू? आणि सासूबाईंना न्यावं की नको?

उत्तर:

ताई, तुमची यादी मी नकाशा समोर ठेवून वाचली. उत्तरेला दोलोमितीचे डोंगर आहेत, दक्षिणेला आल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपरांची घरं, त्याच्या अलीकडे मातेराच्या गुहा, मध्येच टस्कनीचे सुरूचे रस्ते. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत हजारेक किलोमीटर होतात. एकेक जागा सुंदर आहे, त्यात वादच नाही. पण नऊ रात्रींत ही यादी पुरी करायची तर रोज सकाळी बॅगा भरायच्या, रोज नवीन हॉटेलची किल्ली घ्यायची आणि दिवसाचे चार-पाच तास गाडीत काढायचे. म्हणजे ज्या सहलीला तुम्ही कंटाळलात तीच पुन्हा, फक्त बसच्या जागी भाड्याची मोटार.

यादी करण्यामागची भावना मला कळते. आयुष्यभर नोकरी केल्यावर, पैसे साठवल्यावर "पुन्हा येणं होईल न होईल" हा विचार येतोच, आणि मग एकही गाव खोडवत नाही. अशी पत्रं मला दर मोसमात येतात, त्यामुळे हे तुमच्याइतकंच त्या सगळ्यांसाठीही लिहिते आहे.

आधी "कुणाला माहीत नसलेली" या शब्दांपाशी थांबू या. तुमच्या यादीत चिव्हिता दि बान्योरेजो पहिल्या क्रमांकावर आहे, शेजारी "अगदी अनोळखी" अशी नोंद. ताई, आज तिथं गावात नेणारा पूल ओलांडायला तिकीट लागतं, आणि शनिवार-रविवारी दुपारी त्या पुलावर रांग असते. गाव विलक्षणच आहे. मऊ ज्वालामुखी दगडाच्या उभ्या सुळक्यावर ते बसलंय, त्या दगडाखाली चिकणमाती आहे, दोन्ही बाजूंचे ओढे ती माती धुऊन नेतात आणि गावाच्या कडा शतकानुशतकं कोसळत राहतात. 1695 च्या भूकंपानंतर बहुतेक लोक शेजारच्या बान्योरेजोत राहायला गेले. आता कायमची वस्ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. ते बघू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. दुपारी बाराला जाऊ नका, एवढंच म्हणेन. संध्याकाळी पाच-साडेपाचला, दिवसभराच्या बसगाड्या परतल्यावर जा, नाहीतर सकाळी आठला. एखादी जागा किती लोकांना ठाऊक आहे यापेक्षा तुम्ही तिथं कोणत्या वेळी पोहोचता यानं अनुभव जास्त बदलतो.

रीलवर तारीख नसते, हेही लक्षात घ्या. उम्ब्रियातल्या कास्तेल्लुच्चोच्या पठारावरची रंगीबेरंगी फुलं तुम्ही सप्टेंबरअखेरीच्या यादीत घातली आहेत. ती साधारण जूनमध्ये आणि जुलैच्या सुरुवातीला फुलतात. शिवाय 2016 च्या भूकंपात ते गाव जवळजवळ जमीनदोस्त झालं. टस्कनीतल्या व्हाल दोर्चा खोऱ्याचं हिरवंगार उतारांचं चित्रही एप्रिल-मेचं आहे. तुम्ही जाल तेव्हा तिथली शेतं नांगरलेली, मातकट असतील. त्यातही देखणेपणा आहे, पण फोटोतली हिरवळ शोधत गेलात तर हिरमोड होईल.

माझा सल्ला असा की तेवीस गावं सोडा आणि एकच मुलूख धरा. रोमच्या उत्तरेला, लात्सिओ, उम्ब्रिया आणि टस्कनी हे तीन प्रांत जिथं एकमेकांना भिडतात तिथला. त्यातल्या लात्सिओकडच्या भागाला तुशिया म्हणतात. मधोमध बोल्सेनाचं सरोवर आहे, ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात पाणी साठून झालेलं. याच ज्वालामुखींच्या राखेपासून इथला तुफो नावाचा दगड तयार झाला. ताजा खणला की सुरीनं कापता यावा इतका मऊ. म्हणून अडीच हजार वर्षांपूर्वी, रोमनांच्या आधी इथं नांदणाऱ्या एट्रुस्कन लोकांनी त्यात थडगी कोरली, रस्ते कापले. मध्ययुगात लोकांनी त्याच कड्यांवर गावं वसवली आणि घराखालीच तळघरं खोदली. एका दगडाची ही गोष्ट आहे. पहिल्या दिवशी ती लक्षात आली की पुढचं प्रत्येक गाव आधीच्या गावाशी आपोआप जोडलं जातं. तेवीस ठिकाणी धावताना हे सुख मिळत नाही.

राहायला बोल्सेना गाव किंवा तिथून ओर्व्हिएतोच्या वाटेवरचं एखादं शेतघर घ्या, आणि नऊपैकी सहा रात्री तिथंच राहा. उरलेल्या तीन रात्रींचं पुढे सांगते. इटलीत अशा शेतघरांना आग्रितुरिस्मो म्हणतात. घरमालकाचा मुख्य व्यवसाय शेतीच असला पाहिजे असा तिथला कायदा आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी खरी शेती, खरी द्राक्षं, खरा ऑलिव्हचा मळा असतो. तुम्ही जाल तेव्हा द्राक्षतोडणीचे दिवस असतील. स्वयंपाकघर असलेली जागा निवडा. सासूबाईंसाठी ते फार मोलाचं आहे, त्याकडे पुढे येतेच.

आता जागा. सगळ्या सांगत नाही, मला ज्यांच्याबद्दल मनापासून बोलावंसं वाटतं त्याच सांगते.

पितिल्यानो, सोरानो आणि सोव्हाना ही तीन गावं एकमेकांपासून दहा किलोमीटरच्या आत आहेत. पितिल्यानो लांबून पाहिलं की कडा कुठं संपला आणि घरांच्या भिंती कुठं सुरू झाल्या हे सांगता येत नाही, कारण दगड एकच. गावाबाहेरून ओढ्याकडे उतरणाऱ्या एट्रुस्कनांच्या खोदीव वाटा आहेत, त्यांना तिथं व्हिए काव्हे म्हणतात. दोन माणसं कशीबशी शेजारून चालतील एवढी रुंदी, आणि दोन्ही बाजूंना काही ठिकाणी वीस मीटरहून उंच भिंती. भिंतींवर शेवाळ आणि नेचे, भर दुपारीही गारवा, आणि नीट पाहिलं तर दगडावर हत्यारांच्या तिरप्या रेघा. हे रस्ते एवढे खोल का कापले, रहदारीसाठी, पाण्याच्या निचऱ्यासाठी की अंत्ययात्रांसाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. दरड पडल्यामुळे एखादी वाट कधीकधी बंद असते, म्हणून गावातल्या माहिती केंद्रात विचारूनच निघा. बूट चांगल्या पकडीचे हवेत.

सोव्हानाजवळच्या जंगलात तोंबा इल्देब्रांदा नावाचं थडगं आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकातलं. अख्खा कडा कोरून त्यात मंदिरासारखी दर्शनी बाजू काढली होती, खांबांसकट. आज एक खांब पुरा आहे, बाकीचे झिजलेत. तुम्ही पांडवलेण्यांच्या गावच्या आहात. सातवाहनांच्या काळातल्या माणसांनी आपल्याकडे बेसाल्टमध्ये जे केलं तेच इथं त्याआधीच कुणी मऊ दगडात करत होतं, हे पाहताना तुमच्या मनात जे येईल ते कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही.

पितिल्यानोला "छोटं जेरुसलेम" म्हणतात. सोळाव्या शतकात पोपच्या राज्यातून हाकलले गेलेले ज्यू इथं सीमेलगत येऊन स्थिरावले. 1598 मधलं त्यांचं प्रार्थनास्थळ आजही बघता येतं, आणि त्याखाली तुफोत खोदलेल्या खोल्या आहेत: बेखमीर भाकरीची भट्टी, स्नानाची जागा, दारूचं तळघर. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या शेतकऱ्यांनी इथल्या ज्यू कुटुंबांना शेतांत आणि गुहांत लपवून वाचवलं. गावातल्या बेकरीत स्फ्रात्तो नावाची मध आणि अक्रोडाचं सारण भरलेली काठीच्या आकाराची मिठाई मिळते. घरं खाली करवायला आलेले अधिकारी ज्या काठ्यांनी दारं ठोठावत त्यांची ती आठवण. शनिवारी हे प्रार्थनास्थळ बंद असतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यू सणही येतात, म्हणून तारखा आधी बघा.

दुसऱ्या बाजूला, व्हितेर्बो शहराभोवती, सोळाव्या शतकातल्या बागा आहेत. बान्यायाची व्हिला लान्ते ही मला सगळ्यांत आवडते. एका कार्डिनलनं, म्हणजे चर्चच्या बड्या धर्मगुरूनं, डोंगरउतारावर ती रचून घेतली आणि सगळी रचना पाण्याभोवती आहे. वरच्या झऱ्यातून पाणी निघतं, दगडी साखळीतून खळखळत उतरतं आणि खाली शांत तळ्यांत पोहोचतं. मधल्या टप्प्यावर लांबलचक दगडी मेज आहे आणि मेजाच्या बरोबर मध्यातून पाण्याची पन्हळ वाहते. पाहुणे दोन्ही बाजूंना बसत, दारू त्या पाण्यात गार होत असे. तिथं दहा मिनिटं नुसतं बसा. बागेत चढ आणि पायऱ्या आहेत, पण खालचा भाग सपाट आहे आणि तो एकटाही पुरेसा देखणा आहे.

बोमार्त्सोचं "पवित्र रान" याच्या अगदी उलट. व्हिचिनो ओर्सिनी नावाच्या सरदारानं 1552 च्या सुमारास जंगलातल्या मोठमोठ्या दगडांतूनच राक्षस, कासव, सोंडेत सैनिक धरलेला हत्ती आणि मुद्दाम कलतं बांधलेलं घर करवून घेतलं. एका शिलालेखात त्यानं लिहून ठेवलंय की हे सगळं केवळ मन हलकं करण्यासाठी केलं. वरच्या टोकाला जे छोटं देऊळ आहे ते त्याच्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ आहे असं मानतात. पुढे शेकडो वर्षं ही बाग रानात हरवली होती. विसाव्या शतकात एका कुटुंबानं ती विकत घेऊन साफ केली. उघड्या जबड्याच्या राक्षसाच्या तोंडात खोली आहे, आत दगडी मेज आहे, आणि आत कुजबुजलेलं बाहेर ऐकू येतं. तुमच्या लेकीला हे सगळ्यांत जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

काप्रारोलाचा पंचकोनी राजवाडा मी दुसऱ्या फळीत ठेवेन. तिथल्या एका दालनात 1570 च्या दशकातला भिंतभर जगाचा नकाशा आहे, भूगोलाची आवड असेल तर जाच, नाहीतर सोडा. तार्क्वीनियाच्या एट्रुस्कन थडग्यांना मात्र अर्धा दिवस द्या. मोकळ्या माळावर छोट्या झोपड्यांसारखी दारं दिसतात. दारातून अरुंद पायऱ्या खाली उतरायच्या, तळाशी काचेचं दार असतं, बाजूचं बटण दाबलं की आत दिवा लागतो आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचे रंग समोर येतात: मेजवानीला टेकून बसलेली जोडपी, बासरीवाले, एका थडग्यात समुद्रात सूर मारणारा मुलगा आणि भोवती उडणारे पक्षी. दिवा थोड्या वेळानं आपोआप विझतो, पुन्हा बटण दाबायचं. आठ-दहा थडगी पाहा, सगळी नकोत.

सातुर्नियाचे गरम पाण्याचे धबधबे तुमच्या यादीत आहेत, ते ठेवा. साडेसदतीस अंशांचं गंधकाचं पाणी पांढऱ्या चुनखडीच्या पायऱ्यांवरून चोवीस तास वाहतं आणि तिकीट नाही. पण शनिवार-रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मधल्या वारी सकाळी लवकर जा. जुने कपडे न्या, गंधकाचा वास दिवसभर जात नाही. आणि जोडवी, पैंजण, चांदीची साखळी घरी ठेवूनच पाण्यात उतरा, चांदी काळी पडते.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्या अडचण म्हणून आल्या आहेत: गुडघे, जेवण, पायऱ्या. त्यांना स्वतःला काय हवंय याबद्दल एक ओळही नाही. तुम्ही त्यांना विचारलंय का? 75 वर्षांच्या बाईला रोज नवीन हॉटेल नकोच असेल, पण सरोवराकाठी झाडांच्या सावलीत सपाट रस्त्यावर चालणं, गावच्या चौकात कॉफी घेत बसणं, देवळात जाणं हे आपल्यापेक्षा जास्त आवडू शकतं. बोल्सेनात हे सगळं आहे. तिथल्या सांता क्रिस्तिना चर्चमध्ये 1263 सालच्या चमत्काराची कथा सांगतात, प्रसादाच्या भाकरीतून रक्त ठिबकलं अशी, आणि त्या चमत्काराची खूण असलेलं वस्त्र आजही ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलमध्ये जपून ठेवलंय. सासूबाई भाविक असतील तर ही दोन्ही ठिकाणं त्यांना परकी वाटणार नाहीत. ओर्व्हिएतो कड्यावर असलं तरी स्टेशनसमोरून केबल रेल्वे वर घेऊन जाते. चिव्हिताचा पूल मात्र लांब आणि शेवटी चांगलाच चढाचा आहे, सातुर्नियाचे दगड निसरडे आहेत, खोदीव वाटांना उतार आहे. या तीन ठिकाणी त्यांना नेऊ नका. आळीपाळीनं कुणीतरी त्यांच्याजवळ राहा. एका मुक्कामी राहण्याचा हाच मोठा फायदा आहे. घरी थांबणाऱ्याचा दिवस वाया जात नाही.

खाण्याबद्दल. सुका पास्ता, म्हणजे स्पगेत्ती, पेन्ने वगैरे, सहसा बिनअंड्याचा असतो. ताजा ताल्यातेल्ले किंवा फेत्तुचीने अंड्याचा असतो. या भागात पिची नावाचा हातानं वळलेला जाड पास्ता मिळतो, तो बहुधा पीठ-पाण्याचाच असतो, तरी विचारा. टोमॅटो-लसणीच्या रश्शातला पिची सासूबाई आनंदानं खातील. हरभऱ्याचं सूप, ओनानोची मसूर, भाजलेल्या भाज्या सगळीकडे मिळतात. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, कारण हॅमचे तुकडे कित्येकांच्या लेखी मांसात मोडत नाहीत. "शाकाहारी, मासे नाही, हॅम नाही, अंडं नाही" हे इटालियनमध्ये चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा. पेकोरिनो, पार्मिजानो या चीजमध्ये प्राण्यांच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, असतं. ते चालतं की नाही हे सासूबाईंनाच ठरवू द्या, पण त्यांच्यापासून लपवू नका. घरून पिठं, डाळी, मसाले न्या. तूप, पेढे, बर्फी मात्र नको, युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत.

आणि वेळा पाळा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात छोट्या गावातली दुकानं आणि चर्चं बंद असतात. तीन वाजता उपाशीपोटी गावात पोहोचलात तर फार तर सँडविच मिळेल. व्हिला लान्ते, काप्रारोला, तार्क्वीनिया अशा सरकारी जागा सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार सरोवरासाठी ठेवा. बोमार्त्सोची बाग खासगी आहे, ती सोमवारीही उघडी असते.

आता तुमच्या ह्यांचा प्रश्न. त्यांचं म्हणणं तुम्हाला लोकलज्जेचं वाटतंय. मला त्यात एक साधी, रास्त इच्छा दिसते. ज्या रोमबद्दल शाळेत वाचलं ते डोळ्यांनी बघावं, ही. आणि विमान रोमलाच उतरणार आहे. मग शेवटच्या तीन रात्री रोमला द्या. उतरल्या उतरल्या नको. पहिल्या दिवशी झोप झालेली नसते, म्हणून विमानतळावरून थेट ट्रेननं, रोममध्ये गाडी बदलून, ओर्व्हिएतोला या. सहा रात्री गावाकडे आणि मग रोम. कलोसियम आणि व्हॅटिकन संग्रहालयाची तिकिटं आधीच काढून ठेवा. व्हेनिस या खेपेला नाही, आणि ते "तुझ्यामुळे राहिलं" असं होऊ नये म्हणून दोघांनी मिळून आत्ताच ठरवा. यादीतली वीस गावं तुम्ही सोडताय, त्यांनी एक शहर सोडावं, हे बोलून दाखवायला हरकत नाही.

फ्लॉरेन्सचा हट्ट राहिलाच तर ओर्व्हिएतोहून ट्रेननं एका दिवसात जाऊन येता येतं. तिथं गेलात तर शहराच्या पश्चिमेला कास्चिने बागेच्या टोकापर्यंत जा. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये वारले. मुन्योने आणि आर्नो या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला, आणि तिथं छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. शेजारच्या पुलालाही त्यांच्यावरूनच "भारतीयाचा पूल" म्हणतात.

पण खरं सांगायचं तर माझ्या मनात फ्लॉरेन्सपेक्षा मोंतोने आहे. उम्ब्रियातल्या वरच्या तिबेर खोऱ्यात टेकडीवर वसलेलं तटबंदीचं छोटं गाव. बोल्सेनाहून मोटारीनं दोन तासांच्या आसपास. याच खोऱ्यात 10 जुलै 1944 ला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढताना मारले गेले. ते रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, वय 22. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले तेव्हा ते एकटेच पुढे धावले, हातबॉम्बनं मशीनगन बंद केली, गोळ्यांची पेटी बदलायलाही वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं लढले, आणि शेवटी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कुठंही नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. 2023 मध्ये मोंतोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघडीचं स्मारक उभारलं. इटलीला जाणाऱ्या हजारो मराठी पर्यटकांपैकी फार थोड्यांना हे गाव ठाऊक आहे. "कुणाला माहीत नसलेली जागा" तुम्हाला हवीच असेल तर ही आहे, आणि तिथं जायला तुमच्याकडे कारणही आहे. सासूबाईंनाही न्या.

गाडीशिवाय हा मुलूख अवघड आहे. व्हितेर्बोहून बस सुटतात, पण दिवसातून थोड्या, आणि रविवारी तर बस मिळेल असं धरूनच चालू नका. गाडी ओर्व्हिएतोच्या स्टेशनजवळ घ्या, म्हणजे रोमच्या रहदारीत शिरावं लागत नाही, पण रविवारी अशी कार्यालयं बंद असू शकतात हे बघून विमान ठरवा. चालवणाऱ्या प्रत्येकाकडे आपल्या आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट आणि मूळ लायसन्स दोन्ही हवं. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. ऑटोमॅटिक गाड्या तिथं कमी असतात, तेव्हा ती लवकर नोंदवा. गाड्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून पहिला दिवस फक्त मुक्कामापर्यंतच चालवा. जुन्या गावांच्या वेशीवर लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा दिसला की आत जाऊ नका. तो रहिवाशांसाठी राखीव भाग असतो, दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत नाशिकला पोहोचतो. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशांच्या, पिवळ्या इतरांसाठी राखीव. पंपावर "बेन्झिना" म्हणजे पेट्रोल आणि "गाझोलिओ" म्हणजे डिझेल. यात गडबड झाली तर सहलीचे दोन दिवस गॅरेजमध्ये जातात.

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून शिकारीचा मोसम सुरू होतो. मंगळवारी आणि शुक्रवारी शिकारीला बंदी असते, जंगलातल्या वाटा त्या दिवशी चाला. इतर वाचकांसाठी: सप्टेंबरच्या सुरुवातीला जाणार असाल तर 3 तारखेची रात्र व्हितेर्बोत काढा. सांता रोझाच्या उत्सवात तीस मीटर उंचीचा दिव्यांचा मनोरा शंभरेक माणसं खांद्यावर घेऊन अरुंद गल्ल्यांतून नेतात. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी 19 तारखेला पितिल्यानोची मशालींची मिरवणूक पाहावी, ती एका खोदीव वाटेनंच गावात चढते. ऑगस्ट टाळलेला बरा, ऊनही कडक आणि 15 ऑगस्टच्या आसपास सगळा इटली सुट्टीवर असतो.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ऐनवेळी अपॉइंटमेंट मिळायला त्रास होतो, म्हणून मे-जूनमध्येच करून टाका. सगळ्या रात्रींचं राहण्याचं आरक्षण दाखवावं लागतं. तुमच्या नव्या बेतात ते दोनच असतील, एक शेतघराचं आणि एक रोमचं. शेतघर नोंदवण्याआधी मालकाला तीन गोष्टी लिहून विचारा: खालच्या मजल्यावर झोपायची खोली आहे का, न्हाणीघरात आधाराला दांडी आहे का, आणि डांबरी रस्त्यापासून घर किती आत आहे. तिसऱ्याचं उत्तर एक किलोमीटरहून जास्त आलं तर दुसरं घर बघा, रात्रीच्या अंधारात खडीच्या चढावर पहिल्याच दिवशी गाडी घालणं चालवणाऱ्याला नको.